उसनी छाती

मिस्त्रींना कुणी “कसे आहात?” विचारलं, की ते म्हणायचे, “स्टार्ट होतोय.” त्यांचं निम्मं आयुष्य बस डेपोत गाडीखाली झोपून गेलं होतं, त्यांना उभं पाहिलं की ड्रायव्हर दचकायचे. स्वतःचा पाना त्यांनी कधी कुणाला दिला नाही. हार्ट अटॅक आला तोसुद्धा गाडीखालीच, तेव्हाही पाना मुठीतच होता. स्ट्रेचरवरून तोही दवाखान्यात गेला.

त्यानंतर हृदय मधूनच एखादा ठोका गाळून पळत सुटायचं.

“काका, हे तुमच्या शेडमधल्या गाड्यांच्या धुरामुळे आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धुरातले बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. आधीच दुखावलेल्या हृदयाचा ताल त्यानं बिघडतो. उद्या दिवसभर हे ठोके नोंदवणारं यंत्र छातीला लावून नेहमीसारखं काम करा. ताल चुकला तर शेड बंद.”

“बंद म्हणजे?”

“म्हणजे घरी बसायचं.”

घरी बायको होती, आणि तिनं आधीच बजावलं होतं, “माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही.”

आता डेपोची एक रीत होती. गाडी तपासणीला जायची असली, की धडधाकट गाडीचा पार्ट काढून तिला बसवायचा, पास करून आणायची आणि पार्ट परत करायचा. याला शेडमध्ये लबाडी म्हणत नसत, शेजारधर्म म्हणत. त्यामुळे मिस्त्री दुसऱ्या दिवशी सरळ पहिलवानाकडे गेले. पहिलवान टायरवाला. खांद्यावर टायर घेऊन शीळ घालणारा, डॉक्टरचं तोंड न पाहिलेला.

“मी काय करायचं?”

“हे यंत्र लावून दिवसभर टायर बदल, शिव्या दे. फक्त छातीवरचे केस काढावे लागतील.”

“बायको ओळखणार नाही मला.”

“तुझं नशीब.”

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “सकाळी काय करता, काका?”

“शेडचं दार लावून सगळ्या गाड्या गरम करतो.”

“तरीच. त्याच वेळी ताल पार कोलमडलाय. चक्कर नाही आली?”

मिस्त्रींना आनंदाची उकळीच फुटली. ही छाती आपली नाही! तोंड उघडलं, आणि पहिलवान आठवला. हल्ली सकाळी तो टायरच्या चळतीला टेकून उभा राहायचा. शीळ बंद. “म्हातारा झालास,” म्हणून सगळ्यांत मोठ्यांदा मिस्त्रीच हसायचे.

“बाई,” ते म्हणाले, “पार्ट बदललाय.”

सगळं ऐकून बाईंनी फक्त दाराकडे बोट दाखवलं. “त्याला घेऊन या. आत्ता.”

पहिलवान हलेना. “यंत्र तुमचं, दुखणं तुमचं, आणि दवाखान्यात मी? शेडमध्ये राहायला दुसरा बकरा शोधा, मिस्त्री.”

मिस्त्रींनी खूप समजावलं, मग खूप शिव्या घातल्या. पहिलवान शांतपणे नट आवळत राहिला. शेवटी मिस्त्रींनी कमरेचा पाना काढला आणि शेजारी उभ्या फिटरच्या हातात ठेवला.

“सांभाळ. मी आता येत नाही. आणि उद्यापासून गाड्या बाहेर काढून चालू करा, दार उघडं ठेवून.”

फिटरनं पाना निखारा धरावा तसा धरला. पहिलवानानं त्या पान्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींच्या रिकाम्या कमरेकडे. त्याचा चेहरा उतरला.

“एवढं वाईट आहे?”

“चल, गाडीत बस.”

“पुढे बसू?”

“बस. आणि शर्टाची बटणं लाव, भादरलेल्या बोकडासारखा दिसतोयस.”