फौजीवर मारायचं नाही

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. सतरा वर्षं फौज, शेवटची पोस्टिंग सीमेवर. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. तिथे पुण्यात बसवलेला कृत्रिम पाय आहे. घर नाशिक रोडला, कॉलनीच्या मैदानासमोर. युनिटमध्ये रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल असायचा, त्यामुळे घरी आल्यावर आठवडाभरातच सकाळी ०५४५ वाजता मैदानावर हजर झालो.

टीमचे कॅप्टन शिंदे मास्तर, शाळेत शिक्षक. त्यांनी हात जोडले. "साहेब, तुम्ही आलात हा आमचा मान आहे."

तिथेच मला शंका आली. कारण त्या मैदानावर कुणालाच मान नव्हता. सुनील गायकवाड प्रेसमध्ये कामाला. त्याच्या पोटाला सगळे 'गोडाऊन' म्हणायचे. मास्तरांचा स्मॅश नेटमध्ये गेला की सुनील विचारायचा, "मास्तर, वर्गात पण असंच शिकवता का?" मीच तेवढा साहेब. चेंडू सोडला तरी टाळ्या. सर्व्हिस चुकली की "असू द्या, असू द्या." फौजेत नव्या रिक्रूटला पहिल्याच दिवशी टोपणनाव पडतं. इथे तीन महिने झाले तरी मला कुणी साधं 'जरा डोळे उघडा' म्हटलं नव्हतं. माझा पार पुतळा करून टाकला होता, आणि मला त्याचा राग येत होता. विंचूरच्या टीमबरोबरची मॅच खेळायची आणि मग बंद, असं मी बायकोला सांगून टाकलं.

मॅच रविवारी ०७०० वाजता. सेट एक-एक. तिसऱ्या सेटमध्ये त्यांचा उंच गडी स्मॅशला उडाला. समोर मी. मागून त्यांचा कॅप्टन ओरडला, "फौजीवर नको रे! सांगितलंय ना!"

गड्याने ऐन वेळी हात वळवला. चेंडू बाहेर गेला, पॉइंट आम्हाला.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते बुटाची लेस बांधायला वाकले. प्रत्येक मॅचआधी ते समोरच्या टीमला हळूच हेच सांगत होते. तीन महिन्यांत माझ्यावर एकही खरा स्मॅश आला नव्हता.

मी टाइम-आउट मागितला आणि नेटजवळ गेलो. त्या गड्याला म्हणालो, "यापुढे माझ्यावर मारायचं. ऑर्डर समज."

"काका, लय जोरात लागतो माझा."

"बघू."

लागला. उजव्या नडगीवर टक्क करून आदळला आणि सरळ वर उडाला. सुनीलने तो पलीकडे टोलवला. पण आमच्याकडच्या मैदानांवर जुना नियम आहे: चेंडू कमरेखाली लागला की फाउल. विंचूरवाले एका सुरात ओरडले, "पायाला लागला! फाउल हाय!"

सुनील पोट पुढे काढून नेटपर्यंत गेला. "कसला पाय? पाय नाहीये तो. सरकारी सामान आहे!"

सुनीलने जीभ चावली. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे माझ्याकडे बघत होते.

मला हसू फुटलं. इतकं, की नेटचा खांब धरावा लागला. मग विंचूरवालेही हसले आणि हसत हसतच पंधरा मिनिटं भांडले. शेवटी फाउल दिला. आम्ही सेट हरलो.

नंतर टपरीवर चहा घेताना सुनील म्हणाला, "फौजी, तुमच्या सामानामुळे हरलो आज." हवालदाराची पट्टी लागली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग त्याने तीन महिन्यांत कुणीच न विचारलेलं विचारलं. "पाय गेला कसा?"

मी सांगितलं. संध्याकाळी १६३० वाजताची गस्त होती. पुढे आपल्या पेठ तालुक्यातला नाईक बाळू भोये, चार पावलं मागे मी. सुरुंग फुटला. माझा पाय गेला. बाळू गेला.

सुनीलने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "व्हॉलीबॉल खेळायचा का तो?"

"रोज. अगदी भिकार. दहातल्या आठ सर्व्हिस नेटमध्ये, आणि वर नेटलाच शिव्या."

सगळे हसले. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "मग टीममध्ये ठेवला कशाला हो?"

"सहाच जण लागतात, मास्तर," मी म्हणालो. "पण बाळू नसला की सहा झाल्यासारखे वाटायचेच नाहीत."