हजेरीला ‘ऑल्टर’

बुधवारी हजेरीला सुरेखाताई नुसतं “प्रेझेंट, मॅडम” म्हणाल्या आणि मी मस्टरमधून मान वर काढून त्यांच्याकडे बघितलं.

बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण नाशिक रोडच्या आमच्या इंग्लिश स्पीकिंगच्या बॅचमध्ये ‘प्रेझेंट’ म्हणायची पद्धतच नाही. आठवड्याला एक क्रियापद, आणि नाव पुकारलं की ते वापरून आपल्या घरातलं एक वाक्य! अशा हजेऱ्या घेतल्या की किस्से साठणारच. माझं मस्टर त्यांनीच भरलंय.

* * *

या आठवड्याचं क्रियापद होतं ‘ऑल्टर’. मी घरून तयारी करून गेले. “मूळ शब्द लॅटिन. अर्थ, दोघांतला दुसरा. त्यावरून, आहे ती वस्तू थोडी वेगळी करणं. पूर्ण नाही हं, थोडीशी!”

पाटणकर काका-काकू एकाच बाकावर बसतात. काकूंचं नाव आधी आलं.

“आय ॲम ऑल्टरिंग माय हजबंड फॉर फोर्टी इयर्स!”

काका शांतपणे म्हणाले, “अँड स्टिल नो फिटिंग.”

* * *

सुरेखाताई मूळच्या नामपूरच्या. इथे दुसऱ्यांच्या दुकानात शिवणकाम करतात. माझं लॅटिन ऐकून म्हणाल्या, “मॅडम, हे तर आमचं रोजचं हाय. शिवतानाच आत जास्तीचं कापड ठेवायचं. त्याला माया म्हणतात. माणूस जाड झालं की शिवण उसवायची, माया सोडायची. कापड तेच, माप दुसरं.”

मी डिक्शनरी मिटली.

* * *

मी फार पटकन दचकते. क्लासची पितळी घंटा वाजली की हातातला मार्कर पडतो. मंगळवारी काकांनी हजेरीलाच वाक्य टाकलं, “प्लीज ऑल्टर द बेल. मॅडम विल गेट अटॅक!”

सगळे हसले. सुरेखाताई बुधवारी येताना घंटेच्या लोलकासाठी कापूस भरलेली टोपी शिवून घेऊन आल्या! स्वतः चढवली, जागेवर बसल्या, आणि मग ते ‘प्रेझेंट’.

* * *

क्लास सुटल्यावर त्यांना गाठलं.

“उद्या अकराला इंटरव्ह्यू हाय, मॅडम. इंग्लिश मीडियमच्या शाळेत, शिवण शिकवायला. आपण नववी नापास. शिक्षण विचारलं तर? दुकानात मान मोडून बसायचं लय झालं आता.”

मी त्यांना धीर द्यायचा की नाही? उलट त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरले! पाच वाक्यं पंधरा वेळा म्हणून घेतली. शेवटी त्या स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायला लागल्या.

* * *

गुरुवारी बाराला फोन करते म्हणाल्या होत्या. साडेबारा झाले. एक वाजला. मी पाच वेळा फोन लावला. नुसती रिंग!

“अहो मॅडम, रिक्षात असतील,” माझ्यासोबत क्लासमध्ये थांबलेल्या काकू म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या बसस्टॉपवर एकट्या बसलेल्या, आणि सगळं माझ्या त्या पंधरा वेळांमुळे!

सहाव्यांदा लावला. उचलला. आवाज अनोळखी, चांगलाच करारी.

“हॅलो, कोण?”

“सु... सुरेखाताई आहेत का?”

“आहेत ना. पण त्यांच्या तोंडात टाचण्या आहेत. मी प्रिन्सिपल बोलतेय. दहा मिनिटं थांबा हो, माझ्या ब्लाउजच्या अजून एकाच बाहीची माया सोडून झालीय!”