पडद्यामागून पाहिलेल्या शर्यती

टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की मला आजही जागचं उठवत नाही. बर्फावरची असो, चिखलातली असो, नुसती गोल गोल फिरणारी असो, मी शेवटपर्यंत बघते. या वयात हे काय, असं तोंडावर म्हणणारं आता कोणी उरलं नाही, आणि पाठीमागं म्हणणाऱ्यांची मला पर्वा नाही. हे वेड लागलं तारापूरला, वीजकेंद्र उभं राहत होतं त्या वर्षांत. तेव्हा टीव्ही आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

केंद्राच्या कामावर परदेशी इंजिनिअर आले होते. त्यांच्याकडे शर्यतींची रिळं असायची. शनिवारी दिवेलागणीला क्लबच्या मैदानात दोन बांबूंना चादर बांधायचे आणि ती पाण्यानं भिजवायचे, कारण समुद्राचा वारा कोरड्या चादरीचं शीड करून टाकायचा. चादरीपुढं खुर्च्या, तिथं साहेब आणि बाबू. चादरीमागं सतरंजी, तिथं आम्ही बायका. ही व्यवस्था कोणी ठरवली ते कोणालाच सांगता यायचं नाही, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. ओल्या चादरीतून मागंही चित्र उमटायचं, फक्त उलटं.

मी त्या उलट्या चित्रात रमले. माझ्या शेजारी दांडी गावची मासेवाली बसायची. कॉलनीत पाटी घेऊन यायची, आणि शनिवारी जवळच्या घिवली गावात बहिणीकडे मुक्काम करायची. एकदा वाळूवरची शर्यत लागली, तेव्हा तिनं लगेच सांगितलं, "बाय, भरती लागली हाय. आता बघ, यांची चाकं भिजतील." दोन फेऱ्यांनी गाड्यांच्या चाकांखालून खरंच पाणी उडायला लागलं. पुढं बसलेल्या शहाण्यांना मात्र भरतीचा पत्ता नव्हता. कोणाची गाडी उलटली की तेवढ्या टाळ्या ऐकू यायच्या.

आमचे हे ड्राफ्ट्समन होते, दुसऱ्या रांगेत बसायचे. घरी आल्यावर मला शर्यत समजावून सांगायचे. मी म्हणायचे, काय ते उजवं वळण घेतलं त्यानं! हे हसायचे. "अगं, ते डावं वळण. तू मागून बघतेस." हे खरंच होतं, म्हणून मी मान्य करायचे. मग मी उलटा आकडा मनात सुलटा करून म्हणायचे, दोन नंबरची गाडी जिंकली. "दोन कुठली? पाच. इंग्रजी पाच मागून दोनासारखा दिसतो." तेही पटायचं. एकदा डाव्या-उजव्यात यांचं खरं निघालं म्हणून मी पुढचं सगळं खरं मानत गेले. माझाच मूर्खपणा, दुसरं काय.

पुढंपुढं यांना एक वाक्यच सापडलं. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तरी, "तुझं बघणंच उलटं." यांचा साहेब खोटं बोलतोय असं मला वाटलं तरी, "तुझं बघणंच उलटं." दोन वर्षांत माझी अवस्था अशी झाली की बोईसरच्या बाजारात साडीचा रंग ठरवायलाही मी यांच्या तोंडाकडे बघायला लागले. मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा उरला नव्हता. त्याची मला भयंकर चीड यायची आणि लाजही वाटायची.

मग बातमी आली, परदेशी मंडळी परत निघाली, येत्या शनिवारी शेवटचा खेळ. मी क्लबच्या सेक्रेटरींना गाठून विचारलं, एक दिवस आम्हाला पुढं बसू द्याल का? ते तोंडभर हसले. "वहिनी, पडदा दोन्हीकडून सारखाच असतो हो." मग तुम्ही बसा ना मागं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. नेहमीसारखं गिळलं.

शनिवारी पहिलं रीळ संपलं. मी मासेवालीला म्हटलं, मला एकदा सरळ बघायचंय. ती म्हणाली, "मंग जा ना बाय. डोले तुजे हायत, पाय पन तुजेच हायत. मी हाय हितं." मी उठले, चादरीला वळसा घालून सरळ पुढं गेले. पहिल्या रांगेतले चपापले. सेक्रेटरी अर्धवट उठले आणि परत बसले. दुसऱ्या रांगेत यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

हे झोपलेले होते. डोकं मागं, तोंड उघडं. पलीकडचे दोघे बढतीबद्दल कुजबुजत होते, एकजण शेंगा सोलत होता. इतकी वर्षं ज्या जागेचा मी हेवा केला, ती ही! मी खुर्चीत टेकले आणि शर्यत पाहिली. गाड्या खरंच डावीकडे वळत होत्या, तेवढं यांचं कबूल. दोन नंबरची गाडी मागून आली, एकेकाला टाकत गेली आणि जिंकली. दोन म्हणजे दोनच, स्वच्छ. टाळ्या पडल्या तसे हे दचकून जागे झाले आणि समोर बघून जोरजोरात टाळ्या पिटू लागले. शेजारी मान वळवायचीही तसदी घेतली नाही. मी तशीच उठून घरी आले. असा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि असं मोकळंही कधी वाटलं नव्हतं.

सकाळी चहा घेताना यांनी सुरुवात केली. "काल पाच नंबरवाल्यानं कमाल केली. तुला मागून दोन दिसला असेल."

"मी मागं नव्हते. तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते."

यांनी कप बशीत ठेवला. आपण झोपलो होतो, दोन वर्षं थापा मारल्या, याबद्दल एक अक्षर नाही. हे एवढंच म्हणाले, "कोणी पाहिलं का तुला तिथं?"

"सगळ्यांनी," मी म्हटलं. "तुम्ही सोडून."