जांभळपाठीची सावली

भेकी म्चुनूची हयात लाकडाच्या वखारीत गेली. झाड दिसलं की त्यात किती फळ्या निघतील, एवढंच त्याच्या मनात येई.

दक्षिण आफ्रिकेतल्या हॉविक गावी त्याच्या घरामागे उम्ग्वेन्याचं डेरेदार झाड होतं. त्याच्या गर्द सावलीत बायकोनं, माझोन्डीनं, जमिनीलगत पसरणारी एक रानवेल जोपासली होती. पानं वरून हिरवी, खालून जांभळी. म्हणून ती तिला जांभळपाठी म्हणे. माहेरच्या रानातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या चार काड्यांची आता हिरवी सतरंजी झाली होती. रोज संध्याकाळी ती तिथं पाय पसरून बसायची.

"खाता येत नाही, विकता येत नाही. कशाला पोसतेस?" भेकी म्हणायचा.

"तुम्हाला तरी कुठं विकता येतंय? तरी पोसतेच ना!" ती म्हणायची.

भर उन्हाळ्यात ती लेकीच्या, थांडाझिलेच्या, बाळंतपणाला डर्बनला गेली. इकडे भेकीनं करवत काढली. कोबी लावू, माझोन्डी खूश होईल, असं त्याला खरंच वाटलं होतं. झाड पडलं, परस लख्ख झालं, आणि आठवडाभरात जांभळपाठी उन्हानं करपली. तो सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिला. उपयोग झाला नाही.

माझोन्डी परतली. पिशवी हातातच धरून परसात गेली.

"थांडाझिलेचे बाबा, मला विचारायचं तरी होतंत."

तग धरलेल्या दोन-चार काड्या घमेल्यात घेऊन ती शेजारच्या मान्गुबानेकडे गेली आणि तिच्या अव्होकाडोखाली लावून आली. तेव्हापासून तिची संध्याकाळ तिथंच जाऊ लागली.

कोबी झकास आला. ती तो रांधायची, वाढायची, नावं ठेवायची नाही. भेकी मात्र अर्ध्या ताटावरून उठायचा. त्यानं उरलेल्या बुंध्याशेजारी उम्ग्वेन्याची फांदी रोवली. ती फुटली, कमरेइतकी झाली. पण सावली धरायला किती वर्षं लागतात, हे वखारीतल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

एकदा तो चहाचा पेला घेऊन कुंपणापलीकडे गेला. अव्होकाडोखाली वेल चांगली पसरली होती.

"एक काडी देतेस? घराच्या सावलीला लावतो."

"दुपारी तिथं ऊन येतं," माझोन्डी शांतपणे म्हणाली. "कशाला पुन्हा तिचे हाल?"

तिनं पेला घेतला. मान्गुबानेनं त्याच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं. भेकी पाहुण्यासारखा कडेला टेकला. इतक्या वर्षांत आपल्या परसात तो माझोन्डीशेजारी एकदाही बसला नव्हता.

"कोबीला पाणी घातलंत का?" तिनं विचारलं.

"घातलं," तो म्हणाला.