पानच नाही, तर रोग कुठला

आमच्या गल्लीत कुणाच्या गुलाबाचं पान पिवळं पडलं, की ते साउकाकांच्या नजरेला पडण्याआधी तोडून टाकायची पद्धत होती. पण त्यात कुणालाच फारसं यश येत नसे. काका रोज सकाळी कालव्याच्या कडेने फेरीला निघत. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, हातात वेताची बारीक छडी. प्रत्येक कुंपणापाशी थांबून छडीने फांदी जवळ ओढायची, पान उलटं करायचं, भिंग लावायचं आणि मग निकाल जाहीर करायचा. झाडाच्या मालकाला विचारायची त्यांना गरज वाटत नसे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वॉर्डाच्या भोंग्यावरून सादेक गावाच्या या टोकाला पहाटे उठवलं होतं. डासांचा धूर कधी, लसीकरण कुठे, नळ किती वाजता बंद, हे आम्ही त्यांच्याच आवाजात ऐकत मोठे झालो. निवृत्तीनंतर भोंगा वॉर्डाच्या कचेरीत राहिला, आवाज मात्र काका घरी घेऊन आले.

त्यांचं खरं नाव लुओंग वान खुए. पण आमच्याकडे माणसाला जन्माच्या क्रमाने हाक मारतात आणि थोरल्याला दुसरा म्हणून मोजणी सुरू करतात. त्यामुळे काका पाचवे असूनही ते साउ, म्हणजे सहावे. "जन्मतःच एक आकडा फुकट मिळालेला माणूस," असं मुओईमावशी म्हणायची. गल्लीच्या तोंडाशी तिची शेवयांची गाडी होती, आणि गाडीच्या मागे, उकळत्या हंड्याच्या वाफेत, एक लाल गुलाब कसाबसा जगत होता.

"मुओई, हे बघ," काका एका सकाळी ओरडले. मावशी दोन हातांवर पुढे होती. "काळे ठिपके. भोवती पिवळं कडं. पानांवर संध्याकाळी पाणी मारतेस ना?"

"सकाळी गिऱ्हाईक असतं, साउदादा. शेवया उपसू की गुलाबाला आंघोळ घालू?"

"रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशी धरते. खाली पडलेली पानं उचलत नाहीस, त्यातूनच ती परत वर चढते. आळस तुझा, भोगतंय झाड."

वाट्या हातात धरून बसलेली गिऱ्हाइकं मावशीकडे बघू लागली. मावशीने एका वाटीत जरा जास्तच मिरची टाकली.

अडचण ही होती, की काकांचं निदान अधूनमधून बरोबर यायचं. मावशीने मुळाशी पाणी घालायला सुरुवात केली आणि ठिपके कमी झाले. तामभाऊ मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याच्या गुलाबाची पानं धुळकट दिसायला लागली, तेव्हा काकांनी पानाची खालची बाजू पांढऱ्या कागदावर घासली. कागदावर तांबूस रेघ उठली. लाल कोळी. पानं खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, म्हणाले. तामभाऊने गाड्या धुवायचा पाइप लावला आणि झाड सुधारलं. पूर्ण चुकीचा माणूस गल्लीने केव्हाच गप्प केला असता. अधूनमधून बरोबर येणाऱ्याचं काय करायचं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

निदानाइतकेच त्यांचे उपचारही प्रसिद्ध होते. लसूण, मिरची आणि आलं तांदळाच्या दारूत मुरवून केलेला फवारा. अंडी, दूध आणि पिकलेली केळी आंबवून केलेलं टॉनिक. हे टॉनिक मोठ्या बाटल्यांत घट्ट झाकणं लावून ओट्याखाली मुरत ठेवलेलं असे. काकांच्या आईच्या वार्षिक श्राद्धाला, सगळे पाहुणे जेवायला बसले असताना, त्यातली एक बाटली फुटली. उरलेल्यांनी तिचं अनुकरण केलं. पाहुणे वाट्या घेऊन अंगणात पळाले. देव्हाऱ्यातल्या पूर्वजांना पळायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी साउकाकू लेकीकडे सायगावला गेल्या.

भांडण वगैरे झालं नाही. काकू फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांचा जीव अडकला होता तो दारातल्या मांडवावर चढवलेल्या गुलाबात. फिकट गुलाबी, भरगच्च, सकाळी उन्हं तापायच्या आत वास सुटायचा. लाय वुंग गावी त्यांच्या माहेरच्या अंगणात तो होता. आई गेली, घर विकलं गेलं, तेव्हा काकूंनी त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि कड तुटलेल्या पाण्याच्या रांजणात लावली. ती जगली. गल्लीतला हा एकच गुलाब होता, ज्याला काकांनी कधी भिंग लावलं नव्हतं. काकूंनी लावू दिलं नव्हतं.

टेट, म्हणजे आमचा नव्या वर्षाचा सण, जवळ आला तेव्हा काकूंचा फोन आला. काका फोनवरही भोंग्यासारखंच बोलत, आणि पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर लावत, त्यामुळे ते बोलणं सगळ्या गल्लीने ऐकलं.

"टेटला येते," काकू म्हणाल्या. "माझा गुलाब आहे तसा दिसला, तर राहीन. नाहीतर सण आटोपून परत."

"अगं, हात लावला नाही मी त्याला!"

"लावू नका. एवढंच करायचंय तुम्हाला. काही करायचं नाही."

काही न करणं हे काकांना कधीच जमलं नव्हतं. तरी आठवडाभर त्यांनी खरंच प्रयत्न केला. मांडवाखालून जाताना ते मान खाली घालून जात.

मग पानांना चंद्रकोरी पडू लागल्या.

पानाच्या कडेला अर्धगोल कापलेला. एका पानाला एक, दुसऱ्याला दोन, अगदी स्वच्छ, कात्रीने कापावा तसा. काकांनी भिंग काढलं. आधी अळी म्हणाले. पण अळीची विष्ठा कुठे दिसेना आणि अळीही दिसेना. मग तामभाऊच्या दुकानासमोरच्या कॉफीच्या टपरीवर त्यांनी जाहीर केलं, की ही बुरशी आहे, नव्या जातीची, पान आतून खाते.

"बुरशीला कंपास कुणी दिला, साउदादा?" तामभाऊने विचारलं. "एवढं गोल तर मला शाळेत कधी जमलं नाही."

"तू शाळेत गेला होतास?"

"भोंग्यावर तुम्हीच नाव पुकारलं होतं. गैरहजर म्हणून."

फवारा मारायच्या दिवशी कालव्यावरून वारा आला. लसूण-मिरची-आलं मांडवावरून फिरून काकांच्याच तोंडावर आलं, आणि ते दिवसभर डोळ्यांवर बर्फ ठेवून बसले. सकाळी चंद्रकोरी वाढलेल्या होत्या. टेटही जवळ येत होता. काकूंना तो गुलाब चघळल्यासारखा दिसणार, हे काकांच्या मनातून जाईना. तेव्हा त्यांना त्यांच्या घराण्याची विद्या आठवली.

काकांचे वडील टेटची पिवळ्या फुलांची झाडं विकायचे. बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला त्या झाडांची सगळी पानं हातांनी ओरबाडून काढायची, म्हणजे बरोबर सणाच्या सकाळी उघड्या फांद्या फुलांनी भरतात. आमच्याकडे प्रत्येक दारात हे होतं, म्हाताऱ्या बाया आणि पोरं सगळी त्याला लागतात. काकांना वाटलं, झाड ते झाड.

"पानच नाही, तर पानावरचा रोग राहणार कुठे?" टपरीवर त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही. "पौर्णिमेला प्रत्येकाने आपापला गुलाब मोकळा करायचा. रोग गेला, आणि टेटला ताजी पानं, ताजी फुलं. दोन कामं एका दिवसात."

"गुलाबाला हे माहीत आहे का?" मुओईमावशीने विचारलं.

"तुला ठिपक्यांचं कुणी सांगितलं होतं?"

यावर मावशीने मान डोलावली. आधी बरोबर आलेल्या निदानाचं हे असं असतं.

पौर्णिमेच्या सकाळी गल्लीत सगळीकडे पानं ओरबाडल्याचा कोरडा आवाज येत होता. आई आणि मी आमच्या पिवळ्या झाडाची पानं काढत होतो. गुलाबाला आईने हात लावला नाही. ती म्हणाली, बघू आधी इतरांचं काय होतं. पण मावशीने काढली, तामभाऊने काढली, कोपऱ्यावरच्या शिंप्याने काढली. काट्यांनी हात रक्ताळले, तरी काकांचा आवाज या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत सगळ्यांना उत्साह देत फिरत राहिला. उन्हं चढल्यावर ते आपल्या मांडवाशी आले, मागोमाग मीही. हातमोजे काखेत होते.

तेव्हा ती आली. करड्या रंगाची, मधमाशीसारखी, जरा जाडसर माशी. पानाच्या कडेवर बसली आणि स्वतःभोवती फिरावं तशी तोंडाने पान कापत फिरली. हिरवा तुकडा सुटला. तो पोटाखाली धरून, थोडी जड होऊन, ती उडाली आणि मांडवाच्या बांबूला असलेल्या भोकात शिरली. पानावर स्वच्छ चंद्रकोर उरली.

काकांनी भोकाला भिंग लावलं. आत काय दिसलं ते त्यांनाच माहीत, पण ते बराच वेळ वाकून उभे होते. आणखी एक माशी आली, तिलाही त्यांनी वाट करून दिली. मग सरळ झाले आणि गुलाबाकडे पाहिलं. त्यावर कळ्या होत्या, बऱ्याच. थोड्याच दिवसांत उमलल्या असत्या. मला वाटलं, ते हातमोजे आता परत आत नेतील.

"काय साउदादा," कुंपणावरून मुओईमावशीचा आवाज आला. बोटांना चिंधी बांधलेली होती. "आमचे सोलून झाले. तुमच्याला मुहूर्त वेगळा आहे का?"

तिच्या मागे तामभाऊ उभा होता, शिंपीही. त्यांच्या कुंपणांत काड्या उभ्या होत्या.

काकांनी हातमोजे घातले.

"काका," मी म्हटलं, "ती माशी..."

"कसली माशी?" काका म्हणाले आणि पहिल्या फांदीवरून हात खाली ओढला.

पिवळ्या झाडाची पानं काढली, की कळ्यांना जोर येतो. गुलाबाच्या कळ्या आठवड्यात माना टाकून सुकल्या. सणाच्या आधी काड्यांवर बारीक तांबडे कोंब फुटले, हे खरं, पण त्याला गुलाब म्हणायला प्रेमच लागलं असतं. मावशी काकांना वाटी देताना त्यातलं मांस विसरू लागली. काकांनी बाजारातून लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ आणली, उघड्या फांद्यांवर सोडली आणि ती दिवसाही चालू ठेवली.

काकू तामभाऊच्या मोटारसायकलवरून उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकीने दिलेला फळांचा खोका. खोका घ्यायला मी पुढे झाले. त्यांनी दिवे पाहिले, मग दिव्यांच्या मागे पाहिलं.

"काय झालं होतं त्याला?"

काकांनी घसा साफ केला. आता बुरशी ऐकावी लागणार, असं मला वाटलं.

"माशी," ते म्हणाले. एवढा हळू आवाज त्यांच्यापाशी आहे, हे मला माहीत नव्हतं. "पानं कापून नेते. बांबूत घरटं करते."

"त्याने झाड मरतं?"

"नाही. तसं काही होत नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

काका दिव्यांच्या माळेची गाठ सोडवायला लागले. गाठ नव्हतीच.

"काढायच्या आधी?"

"पौर्णिमा होती," काका म्हणाले. "सगळ्यांनी काढली होती."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

काकू आत गेल्या आणि बाह्या सरसावून कामाला लागल्या. सण त्यांनी नीट केला. नारळपाण्यात डुकराचं मांस आणि अंडी मंद आचेवर शिजवली, कडू कारल्याचा रस्सा केला, देव्हारा पुसला, आल्यागेल्याला हसून कलिंगडाच्या भाजलेल्या बिया दिल्या. काकांनी न सांगता भांडी घासली. ते भिंगाशिवाय फिरत होते. जो येईल त्याला म्हणत, "ही आता इथेच आहे." काकू ऐकून घेत आणि चहा ओतत. मलासुद्धा वाटू लागलं, की त्या राहणार.

पाहुणे संपले त्या सकाळी काकूंनी खुरपं घेतलं. रांजणातली माती मोकळी केली, मुळं मातीसकट उचलली, तांदळाच्या पोत्यात ठेवून सुतळीने बांधली. फांद्या एकत्र आवळल्या. पानं नव्हती, त्यामुळे बांधायला सोपं गेलं.

"लेकीच्या गच्चीवर ऊन बरं येतं," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"नवी पानं येऊन जुनी होईपर्यंत."

काकांनी बोजा उचलून तामभाऊच्या मोटारसायकलपर्यंत नेला. काकूंनी नेऊ दिला. त्या मागे बसल्या, पोतं मांडीवर घेतलं, आणि गाडी गल्लीबाहेर वळेपर्यंत एका हाताने फांद्या सावरत राहिल्या. काका रिकाम्या रांजणापाशी आले, आणि तुटक्या कडेवर पडलेली माती बोटाने आत लोटत बसले.

दुसऱ्या सकाळी ते फेरीला निघाले. भिंग गळ्यात होतं. मुओईमावशीच्या गाडीपाशी थांबले.

"साउदादा, वहिनी गेल्या?" मावशीने विचारलं. "आणि गुलाबही?"

"हवापालट," काका मोठ्याने म्हणाले. "अशा केसला हवापालटच लागतो. पुस्तकात आहे."

"कुणाला लागतो? गुलाबाला की वहिनींना?"

वाट्या धरून बसलेली गिऱ्हाइकं थांबली. तामभाऊने पाना खाली ठेवला.

"दोघांनाही," काका म्हणाले. मग स्टूल ओढून बसले आणि शेवयांची एक वाटी मागितली. मावशीने आज त्यात मांस घातलं.