रेघेपुढची जागा

त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याचा दोरीला लटकणारा ओळंबा एकदा तरी स्थिरावतो. हा माणूस कधीच स्थिरावला नाही. दफनभूमीच्या मागच्या भिंतीला टेकून त्याची पत्र्याची शेड होती. तिथे तीस वर्षं तो मेलेल्यांची नावं दगडात कोरत आला होता. छिन्नी हातात आली की थरथर थांबायची. खाली ठेवली की पुन्हा सुरू.

"लग्नाच्या कागदावर सही करताना यांचा हात असा हलत होता," त्याची बायको सांगायची, "की साक्षीदारानं विचारलं, मर्जीनं करताय ना?"

मेलेल्यांचं काम त्याला बरं वाटे. ते बघायला येत नाहीत.

मग जुन्या किल्ल्याच्या दाराशी एक नवी इमारत उभी राहिली. खाली तिकीटखिडकी, वर वाचनालय. तिला विधिमंडळाच्या एका माजी सभासदाचं नाव द्यायचं ठरलं. बांधकाम खात्याचा इंजिनिअर मजकुराचा कागद घेऊन शेडमध्ये आला. नाव, हुद्दा, जन्मसाल. तीन ओळी.

"पण साहेब, हे तर आहेत अजून," ओळंबा म्हणाला.

"नियमात माजी लिहिलंय. दिवंगत नाही लिहिलेलं. तू कोर."

माजी साहेब एक्क्याऐंशीचे होते. पाच वेळा निवडून आलेले. त्यांच्या चित्रात केस पांढरे रंगवले म्हणून एका रंगाऱ्याच्या दुकानाला चार महिने टाळं होतं, हे गावात पोरंसोरंही सांगत. ओळंब्याची शेड सरकारी जागेवर होती. तिला टाळं लावायलाही कोणी येणार नव्हतं. पत्रा उचलला की संपलं. आठ दिवस तो नीट जेवला नाही. दगड मात्र सुरेख उतरला.

दगड शेडबाहेर जाण्याआधी त्यावर कागद पसरून कोळसा घासायचा आणि तो ठसा घरात दारामागे टांगायचा, ही त्याची पद्धत. हाही टांगला. गवंड्यांनी दगड भिंतीत बसवला, वर कापड सोडलं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी अकराला.

सकाळी मुलगी चहा घेत दारामागे बघत होती.

"बाबा, हे वारले कधी?"

"कोण?"

"हे, तुमचे माजी साहेब."

"अगं, जीभ आवर. आज अकराला येणार आहेत ते."

"मग ही रेघ कशाला?"

ओळंबा उठून जवळ गेला. जन्मसाल ओळीच्या मधोमध नव्हतं, डावीकडे सरकलेलं होतं. त्याच्या पुढे एक आडवी आखूड रेघ. रेघेपुढे चार अंकांची कोरी जागा. तीस वर्षं प्रत्येक दगडावर त्या रेघेपुढे दुसरं साल, मृत्यूचं, आलं होतं. हातानं रेघ ओढली होती. दुसरं साल कागदावर नव्हतं, म्हणून हातानं जागा ठेवली होती.

"आई गं," तो म्हणाला आणि खालीच बसला.

बायको आतून आली, बघितलं. तिनं ठसा उतरवून गादीखाली सारला. त्यानं त्याला जास्तच भीती वाटली.

कोरलेलं पुसता येत नाही. बुजवता येतं. दगडाची भुकटी आणि राळ डब्यात कालवून तो निघाला. रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्याकडे बघतोय असं त्याला वाटत होतं. किल्ल्याच्या दाराशी खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

"तुला कोणी बोलावलं?" इंजिनिअर म्हणाला.

"दगडाची एक कपची राहिलीय. आत्ता काढतो."

तो कापडाखाली शिरला. आत पिवळसर उजेड होता, स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्यानं बोटानं रेघेत लगदा भरला. लगदा खाली ओघळला. पुन्हा भरला. वाळायला एक दिवस लागतो हे त्याला माहीत होतं. तरी तो भरत राहिला.

"आत कोण आहे रे?"

आवाज सभांमधून ऐकलेला. कापड उचललं गेलं. माजी साहेब काठी टेकत एकटेच उभे होते. गर्दीआधी आपलं नाव बघायला आले असावेत.

"काय करतोयस?"

"पुसतोय, साहेब."

त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. मग अंगठ्यानं ओला लगदा बाजूला सारला. रेघ पुन्हा दिसू लागली.

"इथे पुढे काय यायचंय?"

ओळंब्यानं लगद्याचा डबा मागे सारला. "साल, साहेब."

"मावेल?"

"चार अंक मावतात."

"मोजलंस?"

"हाताला माहीत असतं."

साहेबांनी त्याचं मनगट धरलं. आता हाक मारतील, इंजिनिअर धावत येईल, दुपारपर्यंत पत्रे उचलले जातील. पण हाक आली नाही. मनगट हलत होतं, आणि या वेळी ते ओळंब्याच्या हातामुळे नव्हतं.

"हे नाव लागावं म्हणून मी सहा वर्षं भांडलो," साहेब हळूच म्हणाले. "वाटलं होतं, एकदा दगडात गेलं की..." ते थांबले. कोऱ्या जागेवर त्यांनी तळवा ठेवला, तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा उचलला. "राहू दे. भरायला मात्र तूच ये. दुसऱ्याचा हात नको."

"हो साहेब."

"तोवर कोणाला बोलायचं नाही. घाबरत राहा. मी एकटाच का घाबरू?"

अकराला कापड पडलं. टाळ्या झाल्या. दगडाकडे पाठ करून सगळ्यांनी फोटो काढले. इंजिनिअरनं माइकवर तिन्ही ओळी वाचल्या, जन्मसालापाशी थांबला, आणि चहाला चला म्हणाला. कोणी विचारलं नाही.

शेड अजून आहे. एक बारीक छिन्नी ओळंब्यानं धार लावून फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. मुलीनं एकदा ते फडकं सोडलं तर तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला.

"आणि मीच आधी गेलो तर?" त्यानं बायकोला विचारलं.

"तर तुमची जागा कोण भरणार, ते आधी बघा."

रोज सकाळी मुलगी रेडिओवरच्या बातम्या ऐकते. तो हातोडी मांडीवर घेऊन बाहेर बसलेला असतो.

"आहेत का गं?"

"आहेत, बाबा."

मग तो कामाला लागतो.