भिमाची ओळ

सावळाराम भोरला स्पीकरवाल्याकडे कामाला होता. लग्न असो, बारसं असो की जयंती, भोंगा बांधायचा, मशीन लावायचं आणि कार्यक्रम संपेपर्यंत आवाजाच्या बटणाशी बसून राहायचं. गायनपार्टी घरचीच होती. थोरला भाऊ भिमा गायचा, कोंडिबा ढोलकी वाजवायचा.

एकोणसत्तरच्या वैशाखी पौर्णिमेला आंबवड्यात कार्यक्रम होता. दुपारी वळीव पडून गेला होता. अर्थिंगचा खुंटा ठोकून त्यावर मिठाचं पाणी ओतायचं, ही सावळारामची रोजची रीत. त्या दिवशी खाली खडक लागला आणि ते राहून गेलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर पार्टीतलं कुणी पायताण घालून गात नसे. भिमा ओल्या मातीवर अनवाणी उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला त्यानं माईक घट्ट पकडला आणि भोंग्यातून लांबलचक किंकाळी निघाली. भोंग्याचा आवाज फिरून माईकमध्ये शिरला की असली शिट्टी वाजते. सावळारामनं ती शेकडो वेळा ऐकली होती. हात सवयीनं बटणावर गेला. त्यानं आवाज बंद केला.

शिट्टी थांबली. करंट थांबला नव्हता. पिन शेवटी कोंडिबानं उपटली, तोवर भिमा गेला होता.

बटणाचं कुणी विचारलं नाही. सावळारामनंही सांगितलं नाही, भिमाच्या बायकोला, बनाबाईला तर नाहीच. पार्टीत गाणारा गेला की त्याची ओळ दुसऱ्यानं गायची नाही, ती वाद्यानं भरायची असा रिवाज होता. सावळाराम मशीनपासून उठला, बुलबुलतरंग शिकला आणि ती ओळ वाजवू लागला. पण बुलबुलचा आवाज फार गोड होता. त्या गोडव्याची त्याला लाज वाटे.

त्र्याहत्तर साली पार्टीनं इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलं. बँडमधल्या एकाकडून सावळाराम थोडंफार शिकला होता आणि करंटचं त्यालाच कळत होतं. त्यालाच पुण्याला पाठवलं. कोंडिबानं एसटीपाशी बजावलं, की लग्नाला, जयंतीला, पाळण्याला, सगळ्याला चालेल असं बघ.

दुकानात दोन जुन्या गिटारी होत्या. एक लाकडी रंगाची. तिच्यावरचा खटका फिरवला की आवाज मऊ होई, पुन्हा फिरवला की टणक. दुकानदार म्हणाला, हिच्यावर काहीही वाजवा. दुसरी काळी आणि जड होती. तो म्हणाला, कॉलेजची पोरं परदेशी रेकॉर्डी ऐकून तसला गडगडाट काढायला असली घेतात; तुमच्या कामाची नाही. दाखवायला म्हणून त्यानं ती जोडली आणि स्पीकरसमोर टेकवून ठेवली. तारांना कुणी हात लावला नव्हता. तरी ती हळूहळू हुंकारली, आणि मग तीच किंकाळी निघाली.

सावळाराम भिंतीला टेकला.

दुकानदार हसून म्हणाला, तारांवर तळहात ठेवा, गप्प होईल. सावळारामनं ठेवला. ती गप्प झाली. उचलला. पुन्हा सुरू. किती वेळा त्यानं हात ठेवला आणि उचलला हे त्यालाही कळलं नाही. बाहेर पडला तेव्हा काळी गिटार त्याच्या खांद्यावर होती.

कोंडिबानं ती ऐकली आणि ढोलकी बाजूला ठेवली. "बारशाला हे वाजिवलं तर पोरगं पाळण्यातनं उठून पळंल," तो म्हणाला. बाकीचे हसले. सावळाराम हसला नाही.

त्या वर्षीची पौर्णिमाही आंबवड्यातच होती. सावळारामनं दिवसाउजेडी खुंटा कंबरभर खोल ठोकला, मिठाचं पाणी तीनदा ओतलं आणि प्रत्येक जोड टेस्टरनं पाहिला. बनाबाई पुढच्या रांगेत बसली होती. दुसऱ्या कडव्यात भिमाची ओळ आली. सावळाराम स्पीकरकडे वळला आणि त्यानं तारांवरून बोटं काढली.

किंकाळी मांडवभर पसरली. कोंडिबाचा हात थांबला. बाया कानांवर पदर घेऊ लागल्या. सावळाराम तसाच उभा होता. बनाबाई उठली, चपला काढून वर आली आणि तिनं तारांवर तळहात ठेवला.

एकदम शांत झालं. सावळाराम तिच्याकडे न बघता, तिलाच ऐकू जाईल इतकं बोलला.

"वैनी, तवा म्या नुसता आवाज बंद केला. पिन काढली न्हाई."

"ठावं हाय. म्या तुमच्याकडंच बघत हुते, भावजी."

तिनं हात उचलला नाही. सावळारामला त्या हाताखाली तारा थरथरताना दिसत होत्या.

"चार वरसं म्या वाट बघितली, तुमी कवा सांगताय त्याची," ती म्हणाली. "आता ही परत करा. दुसरी आणा. गाणं बंद पडाय नगं."

सोमवारी पहिल्या एसटीनं तो पुण्याला गेला आणि लाकडी रंगाची गिटार घेऊन आला. ती पुढं भोर-वेल्ह्याच्या कितीतरी मांडवांत वाजली. लग्नात नाचली, पाळण्याशी हळू झाली. बनाबाई दर पौर्णिमेला पुढच्याच रांगेत बसायची, त्याच्या हातांकडे बघत. ते दुसरं कडवं आलं की सावळाराम तळहात तारांवर आडवा दाबून धरी, आणि एका ओळीपुरता मांडवात कसलाच आवाज नसे.